बूटकाकूंची डावी टाच

बूटकाकू दिसायच्या आधी ऐकू यायच्या. नायमेखन या डच गावातल्या आमच्या गल्लीत विटांचा रस्ता आणि त्यावर त्यांचे जाड टाचांचे तपकिरी काउबॉय बूट. टक-टक, टक-टक. वर पंजाबी ड्रेस, कपाळाला टिकली, खांद्याला भाजीची पिशवी आणि पायांत हे! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. "हस, हस," त्या म्हणाल्या, "जानेवारीत तुझ्या त्या कापडी बुटांत पाणी शिरलं ना, की ये माझ्याकडे रडत." पुढे त्या टाचा मी इतक्या ओळखायला लागले की डोळे मिटून सांगावं, ही उजवी, ही डावी. ओळखायला लागले नसते तर फार बरं झालं असतं.

काका इथल्या चिपच्या कंपनीत लागले तेव्हा काकू त्यांच्यामागे पुण्याहून आल्या, त्याला अठरा वर्षं झाली होती. डच शिकायला म्हणून त्या बूर्टहाऊसमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारख्या जागी गेल्या आणि शेजारच्या खोलीत वेस्टर्न लाइन डान्स चालला होता तो बघत तिथेच बसल्या. सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, एकसारखी पावलं टाकायची, बत्तीस मात्रा झाल्या की पाव वळण. असं चारी भिंतींना तोंड दाखवून परत पहिलीकडे. जोडीदार लागत नाही, हे काकूंना फार आवडलं. "यांना नाचवण्यापेक्षा म्हैस नाचवलेली परवडली," त्या म्हणायच्या, आणि काका पेपरामागून मान डोलवायचे.

मी एमएस्सीला आले होते. आठ महिने झाले तरी नोट्स मागण्याखेरीज मला कोणी हाक मारत नव्हतं. विद्यापीठाच्या वेस्टर्न डान्स टीममध्ये दोन जागा असल्याची जाहिरात मी कॅन्टीनमध्ये वाचली. नाचाचं वेड वगैरे काही नव्हतं हो मला. आपण आलो नाही तर चार जण विचारतील, "आज ती कुठे?" अशी एखादी जागा हवी होती, बस्स. काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी शेगडी बंद केली, बूट चढवले आणि म्हणाल्या, "सहा आठवडे आहेत ना? ऊठ मग."

पहिला आठवडा माझे हात खाली आणण्यात गेला. "गणपतीची मिरवणूक आहे का ही? अंगठे पट्ट्यात अडकव. नाच सगळा कमरेखाली!" पाऊल मागून-पुढून गुंफत बाजूला जायचं, त्या पावलाला त्या 'गजरा' म्हणत, आणि पाय आपटायच्या पावलाला 'मुसळ'. निवडीच्या दिवशी शेवटी गाणं बंद करतात आणि नुसत्या पावलांवर ताल राहतो का ते बघतात. त्यासाठी काकू मला डोळे मिटायला लावायच्या आणि स्वतः शेजारी नाचायच्या. "मला बघू नकोस, मला ऐक." मी त्यांच्या टाचांचा आवाज घट्ट धरून वळायचे, चारी भिंती.

चौथ्या आठवड्यात काकूंच्या शेजारी नाचताना मी मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढला. डावी टाच उशिरा पडत होती. केसभरच, पण दर वेळी. मी काकूंच्या गालिच्याला दोष दिला. "नाचता येईना अंगण वाकडं!" काकू हसल्या. मी गालिचा गुंडाळला, पुन्हा नाचले. तरी उशिरा. मग एकटीनं माझ्या खोलीत करून पाहिलं, तर एकदम बरोबर. मी काय ते समजले. मी काकूंच्या मागोमाग पाऊल टाकत होते. उशीर त्यांच्या पायाला होत होता.

आम्हा मराठी मंडळींची इथे एक रीत आहे. दुखणी साठवायची आणि पुण्याला गेलो की एकदम दाखवायची. हाऊसआर्ट्स, म्हणजे इथला आपला फॅमिली डॉक्टर, तो पॅरासिटामॉल सांगेल आणि दोन आठवड्यांनी या म्हणेल, हा विनोद प्रत्येक हळदीकुंकवात होतो आणि आम्ही सगळ्या हसतो. काकूंनी तर स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून यादीच चिकटवली होती. वर लिहिलं होतं, 'पुण्याला दाखवायचं'. खाली आकडे घालून: दाढ, चष्मा, यांचा गुडघा. मी व्हिडिओचं सांगितलं त्या दिवशी त्यांनी ते दार उघडलं. चौथी ओळ आधीच लिहिलेली होती. डावा पाय.

"काकू, डॉक्टरला फोन करा ना," मी म्हणाले.

"कशाला हात दाखवून अवलक्षण? जानेवारीची तिकिटं काढलीत. आणि यांना कळलं ना, की बूट माळ्यावर जातील. मग तुझं कोण करून घेणार? तुझी निवड होऊ दे. तोंडातून शब्द काढायचा नाही, शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. त्यांच्या भीतीनं घेतली असं म्हटलं तर खोटं होईल. मला ती जागा हवी होती, आणि त्या घरी बसल्या तर मला कोणी शिकवणारं नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून एक उपाय काढला. मी फक्त त्यांची उजवी टाच ऐकायची आणि डावी सोडून द्यायची. दोन आठवडे मी ते घोटलं. डावी कानावर पडली तरी मनापर्यंत जाऊ द्यायची नाही. जमलं मला. फार छान जमलं.

निवडीच्या आदल्या सोमवारी काकूंच्या हातून चहाचा कप पडला. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग हाताकडे. काकू डावऱ्या होत्या. दार उघडून त्या यादीवर पेन्सिल टेकवायला गेल्या, पण बोटं मिटेनात. "तूच लिही गं," त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात, वाणसामान सांगावं तसं. मी पाचवा आकडा घातला आणि लिहिलं, डावा हात. बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं. काकू म्हणाल्या, "चल, मुसळापासून घेऊ."

शनिवारी सकाळी दहाला खेळाच्या हॉलमध्ये आम्ही सात जणी उभ्या होतो. काकू भिंतीजवळच्या बाकावर बसल्या होत्या, बूट चकचकीत पुसलेले. गाणं झालं. मग कॅप्टननं ते बंद केलं आणि हॉलमध्ये नुसती पावलं राहिली. बाकावरून काकू बसल्या बसल्या टाचांनी ताल धरत होत्या. मी वळले, त्या पाठीमागे गेल्या. उजवी, उजवी, उजवी. मी तेवढीच ऐकत होते. दुसरी भिंत झाली, तिसरी झाली. कधीतरी डावी पडायची थांबली असणार. मला कळलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तिसऱ्या भिंतीला मला कळलं होतं. थांबले असते तर बाद झाले असते. मी बत्तीस मात्रा पुऱ्या केल्या. चौथ्या भिंतीला तर उजवीही ऐकू येईना, तरी माझा ताल चुकला नाही. शेवटचं वळण घेऊन बाकाकडे तोंड केलं तेव्हा काकू डावीकडे कलंडल्या होत्या आणि एक डच मुलगी धावत त्यांच्याकडे निघाली होती.

डोक्यात गाठ होती, तिच्यात रक्तस्राव झाला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, पाय ओढतोय एवढं हाऊसआर्ट्सच्या कानावर घातलं असतं तरी त्यांनी लगेच तपासणीला पाठवलं असतं. त्यानंतर हळदीकुंकवात तो विनोद कोणी केला नाही. काकू अकरा दिवस होत्या, शुद्धीवर आल्याच नाहीत. माझी निवड झाल्याची मेल तिसऱ्या दिवशी आली. ती मी त्यांच्या कानाशी वाचून दाखवली. टीममध्ये मी गेले का? गेले. आता आले नाही तर चार जणी विचारतात.

तेराव्यानंतर काकांनी मला बोलावलं. अठरा वर्षांत ते स्वयंपाकघरात फारसे शिरले नव्हते. चहाचा मसाला शोधताना त्यांनी ते कपाट उघडलं होतं. दार अजून उघडंच होतं आणि ते त्याच्यासमोर उभे होते, चष्मा कपाळावर सरकवून.

"ही पाचवी ओळ," ते म्हणाले. "हे हिचं अक्षर नाही."

मला खोटं बोलता आलं असतं. "माझं आहे, काका."

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. ओरडले असते, निदान एक थोबाडीत दिली असती, तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी दार हलकेच लावून घेतलं.

"छान आहे गं तुझं अक्षर," ते म्हणाले, आणि चहाला दोन कप काढले.