टपरीवर वाचलेला रिपोर्ट

मोरेश्वरभाऊंनी पांढुर्ण्याच्या दवाखान्यात बावीस वर्षं स्लाइडी तपासल्या. कोणाच्या रक्तात काय निघालं, ते त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. एकदाच पडलं, सत्त्याऐंशी साली.

संत्र्यांचा माल घेऊन बिकानेरच्या मंडीत दोन महिने राहिलेला गुणवंता गालावर फोड घेऊन परतला. दुखेना, भरेना. डॉक्टर रजेवर होते. भाऊंनी फोडाच्या काठाची स्लाइड घेऊन महारोगाचे जंतू दाखवणारा रंग चढवला. जंतू एकही दिसला नाही. पण टपरीवर सुरेश कंपाउंडरनं विचारलं, "काय निघालं, भाऊ?" आणि जाणकारीच्या तोऱ्यात ते बोलून गेले, "मोठी बिमारी दिसून राहिली." गावात याचा अर्थ एकच, महारोग.

दुसऱ्या दिवशी लिलावात गुणवंताच्या हातानं निवडलेल्या संत्र्यांवर कोणी बोली लावेना. देवकाबाईनं, सख्ख्या आईनं, त्याचा लोटा गोठ्यातल्या खुंटीला टांगला. त्यानं पाठवलेली संत्र्यांची टोपली भाऊंनीही दारातूनच परत केली.

डॉक्टर आले. त्यांनी फोडाला कापसाची वात लावली.

"समजते?"

"गुदगुल्या होऊन राहिल्या, साहेब."

"महारोग असता तर हे समजलं नसतं," डॉक्टर भाऊंना म्हणाले. मग दुसरी स्लाइड, दुसरा रंग. पेशींच्या पोटात तिळाएवढे ठिपके, प्रत्येकाशेजारी बारीकशी काडी. नागपूरहून उत्तर आलं: लेशमानिया नावाचा जंतू. कालाजाराच्याच कुळातला, पण जात निराळी. बिकानेरकडची, वाळूमाशीच्या चाव्यातून येणारी, कातडीवरच थांबणारी. शिवल्यानं होत नाही. औषध आहे.

कागद घेऊन भाऊ गुणवंताच्या अंगणात उभे राहिले.

"मावशी, महारोग नाही. चूक माझी."

देवकाबाई उठल्या. खुंटीवरचा लोटा काढून राखेनं घासू लागल्या. लख्ख झाला तरी घासतच राहिल्या. लेकाकडे मात्र पाहवेना.

गुणवंता म्हणाला, "मले कायले सांगता, भाऊ? टपरीवर बोलले ना, टपरीवरच सांगा."

भाऊ गेले. त्याच बाकाजवळ उभं राहून त्यांनी कागद वाचला. कोणी तरी हसलं, "तवा मोठी होती, आता लहान झाली काय, भाऊ?"

घरून निघताना त्यांनी उत्तर ठरवलं होतं: पहिल्या रंगात हा जंतू ओळखू येत नाही. ते खरंही होतं. पण समोर सुरेश बसला होता, त्या दिवशी "काय निघालं" विचारणारा.

"तवा मले काहीच दिसलं नव्हतं," भाऊ म्हणाले. "तरी बोललो."

हसणाऱ्याच्या हातातला चहा तसाच निवत गेला. मग कोणी हसलं नाही.