तिच्या बोटांविषयी मी दिलेली उत्तरं

डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा काटा, सुमनच्या पायाच्या अंगठ्याला टेकवला. "थरथर कळतेय?"

सुमननं, माझ्या बायकोनं, मिटल्या डोळ्यांनी नकारार्थी मान हलवली. "अंगठा हाय का तिथं?" म्हणाली आणि स्वतःच हसली.

याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. हातापायांच्या टोकाकडच्या नसांना झालेली इजा. केमोथेरपीच्या काही औषधांनी ती होते. सुमनच्या छातीतली कॅन्सरची गाठ गेली होती, केमो संपून चार महिने झाले होते, केसही परत आले होते. हे मात्र राहिलं.

का राहिलं, ते नातेवाइकांना मी आजवर अर्धंच सांगितलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. पूर्ण लिहितो.

केमो चालू होती ते दुष्काळाचं वर्ष. गारखेड्यात आमच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं. टँकर जात, नव्या इमारतींची धूळ उन्हात तरंगत राही. केमोनंतर सुमन खिडकीशी पडून ती बघायची. "पाण्याच्या तळाशी निजल्यावानी वाटतंय," म्हणायची.

चौथ्या केमोपासून ती सांगू लागली, "अहो, बोटांना मुंग्या येतात. बटण लागंना."

दर वेळी डॉक्टर विचारायचे, "मुंग्या? बधिरपणा?" प्रश्न तिला असायचा. उत्तर मी द्यायचो. बँकेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे घरातर्फे मीच बोलायचो. "काही नाही डॉक्टरसाहेब, ठणठणीत आहे."

मुंग्या सांगितल्या की डोस कमी करतात, असं दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांकडून ऐकलं होतं. डोस कमी म्हणजे गाठ परत, हे मीच ठरवलं. तिला विचारलं नाही.

एकदा पाण्याच्या दिवशी तिच्या हातून भरलेली कळशी निसटली. गल्लीदेखत मी ओरडलो, "लक्ष कुठं असतं तुझं?" ती पाण्यात उभी होती. खाली बघत तिनं विचारलं, "गार हाय का हो हे?"

नसांच्या इजेचं निदान झालं त्या संध्याकाळी, डोस कमी होईल या भीतीनं मी खोटं बोलत होतो, हे सगळं मी तिला सांगितलं.

"मी तिथंच बसलेली असायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला माझं बोलणं खरंच वाटत नाय. आता हे डॉक्टरला सांगा. माझ्यासमोर."

पुढच्या भेटीत सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधी कळलं असतं तर डोस किंवा औषध बदलता आलं असतं. इजा टळलीच असती असं नाही. कमी झाली असती, कदाचित." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ताई, आता तुम्ही सांगा."

ती सांगत गेली. पाय जमिनीला लागत नाहीत, कापसावर पडतात. दुपारी तोच कापूस पेटतो. चप्पल वाटेत गळून पडते आणि घरी आल्यावर कळतं. एखाद्या दूरच्या मुलखाची हकिगत ऐकावी तसं मी ऐकत होतो. तो मुलूख आमच्या दोन खोल्यांतच होता.

नसांच्या गोळीनं आग बरीच कमी झाली. बधिरपणा थोडा राहिलाय. आंघोळीचं पाणी किती गरम ते ती कोपर बुडवून पाहते.

तुम्ही कुणाला केमोला नेत असाल तर एवढंच करा. डॉक्टरांचा प्रश्न ज्याला असेल, त्यालाच उत्तर देऊ द्या.

तिनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. हल्ली ती डॉक्टरांकडे आत एकटी जाते, मी बाकावर बसतो. परवा अर्ध्या तासानं बाहेर आली. मी विचारलं, "काय बोलणं झालं?"

शेजारी बसत ती म्हणाली, "सांगते. पण मधी बोलायचं नाय."