कोपऱ्यातली विहीर

आमच्या निशाताईंना कशाची भीती वाटत नाही, असं वडपे गावात सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. अंगणवाडीत त्या सेविका आणि मी मदतनीस. त्यांनी शिकवायचं, मी खिचडी शिजवायची आणि पोरांची नाकं पुसायची. निशाताई शेठच्या घरच्या सून, दारात गाडी उभी, तरी सकाळी पायी पाड्यावर जाऊन एकेक पोर झोपेतून उठवून आणणार. गावातल्या बायका हसायच्या. निशाताईंच्या कानापर्यंत ते पोचायचं आणि तिथूनच परत जायचं.

अंगणवाडीला खोली बांधून दिली ती त्यांच्या सासऱ्यांनी, केसरीनाथशेठनी. शेती गोडाऊनला गेली तेव्हा कडेला एक तुकडा उरला. त्यावर चार भिंती, चकचकीत फरशी आणि दारावर शेठच्या आईच्या नावाची पाटी. मागे गोडाऊनची भिंत एवढी उंच की दुपार होईस्तोवर खोलीत ऊन येत नाही. त्या भिंतीपलीकडून दिवसभर कंटेनर जातात आणि आमची भांडी मांडणीवर वाजत राहतात.

चित्रांची पुस्तकं आली ती कपाटात कुलूपबंद होती. आमच्याकडे तशीच रीत आहे. तपासणीला पुस्तकं कोरी दिसली पाहिजेत, मग पोरांनी ती पाहिली नाहीत तरी चालतं. निशाताईंनी या हिवाळ्यात कुलूप काढलं. फाटली तर माझ्या नावावर फाटू देत, म्हणाल्या.

त्यातलं एक पुस्तक बिनअक्षरांचं होतं. त्यात एक घर, घरापुढे विहीर, बाजूला झाड, झाडाखाली शेळी. निशाताई ते पान सगळ्यांना पोटभर बघू द्यायच्या, मग ज्याला जे दिसलं ते त्याने सांगायचं, आणि शेवटी तेच चित्र फरशीवर मांडायचं. पाट म्हणजे घर, केरसुणी म्हणजे झाड, वाटी म्हणजे शेळी, आणि खड्यांचं रिंगण म्हणजे विहीर. पाड्यावरची पोरं एरवी मूग गिळून बसायची, ती भांडायला लागली. शेळी झाडाच्या या अंगाला की त्या अंगाला, यावरून रडारड व्हायची. मला फार बरं वाटायचं. फक्त राकेश हमालाची स्नेहा तेवढी बोलत नसे, नुसती खडे हातात घेऊन बसायची.

घोळ झाला तो विहिरीचा. पुस्तकात विहीर घरापुढे, पण पोरं ती मांडायची खोलीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात. निशाताई पान दाखवून विचारायच्या, विहीर कुठे आहे? पोरं बरोब्बर घरापुढे बोट ठेवायची. मग मांडा बघू, म्हटलं की खडे उचलून पुन्हा कोपऱ्यात. त्यांनी अर्धी पोरं माझ्याबरोबर बाहेर पाठवली आणि उरलेल्यांना मांडायला सांगितलं, मग अदलाबदल केली. दोन्ही वेळा तोच कोपरा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पकडापकडी खेळतानासुद्धा पोरं तिथून वळसा घालून पळतात.

मग रिंगणात हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला. मी तो बाहेर फेकला. दुसऱ्या दिवशी तो परत तिथेच होता. माझ्या हातात प्लास्टिकच्या बांगड्या आणि निशाताईंच्या हातात नुसतं घड्याळ. मला तिथे झाडू मारवेना.

मी निशाताईंना आसरांचं सांगितलं. आमच्याकडे मानतात की विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात. त्यांना खण, नारळ आणि हिरव्या बांगड्या वाहायच्या. विहीर बुजवू नये, आणि बुजवलीच तर वरपर्यंत एक नळी ठेवावी, म्हणजे त्यांचा श्वास कोंडत नाही. निशाताई हसल्या. म्हणाल्या, मनालीबाई, मीठ खिचडीत घाला, गोष्टीत नको.

पण त्या दिवशी त्यांनी स्नेहाला रिंगणाजवळ बसवून विचारलं, विहिरीत काय आहे गं? स्नेहा पहिल्यांदा बोलली.

"खाली बाई हाय. तिला श्वास घेता येत न्हाय."

तेवढ्यात मागून कंटेनर गेला, फरशी थरथरली आणि रिंगणातले खडे हळूहळू आतल्या बाजूला सरकले. सगळे, मधोमध. मी निशाताईंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणवाडी बाहेर धुळीत भरवली. घरी सासऱ्यांना विचारलं, त्या खोलीखाली विहीर होती का? शेठ म्हणाले, नव्हती. सासूबाई, कमळकाकू, जेवत होत्या, त्या भरल्या ताटावरून उठल्या. निशाताईंना काय समजायचं ते समजलं. पण सुनेने सासऱ्याला खोटं पाडायचं, तेही सासऱ्याच्या आईच्या नावाच्या पाटीखाली, हे तोंडाने म्हणायला सोपं आहे. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. पोरं त्यांच्या हवाली होती.

मग पर्यवेक्षिका आल्या. धुळीत बसलेली पोरं पाहून त्यांनी सगळ्यांना आत बसवायला सांगितलं आणि शेठना बोलावणं धाडलं. निशाताई दारात आडव्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, फरशी खचते आहे, कोणाला आत बसवू नका. पर्यवेक्षिकाबाईंनी त्यांना हाताने बाजूला केलं आणि पोरांना आत नेऊन बसवलं. शेठ आले ते तापूनच. चपला दाराशी काढल्या आणि सरळ त्या कोपऱ्यात जाऊन पाय आपटला. एकदा, मग परत. काही झालं नाही. बाई हसल्या, शेठही हसले, आणि परत दाराशी आले.

"आजोबा, तुमचा पाय वल्ला झालाय," स्नेहा म्हणाली.

शेठनी मागे वळून पाहिलं. कोपऱ्यापासून दारापर्यंत ओल्या पावलांची रांग होती. बाहेर अंगणात धूळ उडत होती, आणि फरशी मी सकाळपासून पुसलेली नव्हती. शेठनी वाकून आपला तळपाय चाचपला. मग सुनेला म्हणाले,

"पोरांना भायेर काढ. हलू हलू काढ."

आम्ही एकेक पोर उचलून बाहेर दिलं. शेठ पायरीवर बसले आणि आपण होऊन बोलले. हीर मीच बुजवली, म्हणाले, गोडाऊनच्या पायाची माती आणि भंगार टाकून. कमळ नळी ठेवा म्हणत होती. फरशीतून वर आलेली नळी बरी दिसणार नाही म्हणून नाही ठेवली. ती विहीर त्यांच्या आईने खणवून घेतली होती.

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, कोपऱ्यातली फरशी खाली गेली. भोक गोल होतं, पोरांच्या रिंगणाएवढं, आणि खाली काळं पाणी हलत होतं. कमळकाकूंनी खण-नारळ आणि बांगड्या वाहिल्या. विहीर आता उघडीच ठेवली आहे, भोवती कठडा बांधून.

अंगणवाडी हल्ली शेठच्या ओटीवर भरते. पहिल्याच दिवशी निशाताईंनी ते पान उघडलं. पोरांनी पाट ठेवला, केरसुणी ठेवली, शेळीवरून भांडली, आणि विहीर मांडली ती घरापुढे, पुस्तकात होती तिथेच. निशाताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हायसं वाटलं.

मी ताटं घ्यायला उठले, तेव्हा स्नेहा चटईवर बाजूला सरकत होती. मोकळ्या झालेल्या जागी तिने हिरव्या बांगडीचा तुकडा ठेवला. निशाताईंनी विचारलं, ही जागा कोणाची?

"तिची. आता ती बी शिकनार हाय."

कशाची भीती नसलेल्या आमच्या निशाताईंनी पुस्तक थोडं तिरकं धरलं, म्हणजे त्या रिकाम्या जागेवरूनही चित्र दिसावं. मी तेव्हापासून खिचडीचं एक ताट जास्त वाढते.