लाल रेघेखालची डोरीन

डोरीन हॅलिवेल आमच्या थॉर्नबेक ग्रामर स्कूलच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं होती. कस्टर्डात गुठळी होऊ द्यायची नाही, हे तिचं कर्तृत्व. बाकी कशावर कुणी मत विचारलंच, तर म्हणायची, "मला काय विचारता? मी नापास बाई." अकराव्या वर्षी गावातली सगळी पोरं ग्रामर स्कूलच्या प्रवेशाची परीक्षा द्यायची. पास झाली तर ग्रामर स्कूल, नाहीतर कालव्यापलीकडची शाळा आणि मग गिरणी. डोरीन कालव्यापलीकडे गेली. बापानं त्या दिवसापासून तिला 'आमची ढ' म्हणायला सुरुवात केली, आणि स्वतः मरेपर्यंत म्हणत राहिला. त्याच्यावर माझा अजून राग आहे, पण मेलेल्या माणसाशी भांडणार कसं!

त्र्याण्णव साली शाळेला चारशे वर्षं झाली. एका लोकरीच्या व्यापाऱ्याला मरताना देवाची धास्ती वाटली, म्हणून ही शाळा निघाली. पुढचा इतिहास बहुतेक छप्पर गळण्याचा आहे. तरी प्रदर्शन भरवायचं ठरलं. मी ऑफिसात कारकून, म्हणून शाळेचा माळा आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुट्टीत स्वयंपाकघर बंद, म्हणून डोरीन मदतीला आली.

तिथे सत्तावन्न सालचं निकालाचं रजिस्टर निघालं. डोरीनचं साल.

"नको उघडूस," ती म्हणाली. मग स्वतःच उघडलं.

डाव्या पानावर मुलगे, उजव्या पानावर मुली. दोन्हीकडे तिसाव्या नावाखाली लाल रेघ; वरचे पास, खालचे नापास. मुलग्यांत तिसावा क्लाइव्ह रॅस्ट्रिक, गुण एकशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे आमचे आत्ताचे हेडमास्तर. मुलींत रेघेच्या लगेच खाली एकतिसावी डोरीन. दोनशे चौदा. समासात तेव्हाच्या हेडमास्तरांनी लिहिलं होतं, 'मुली यंदाही पुढे. परंतु निम्मे मुलगे हवेतच.'

"चष्मा पूस आणि परत वाच," डोरीन म्हणाली.

मी पुसला, वाचलं. दोनशे चौदाच होते.

"म्हणजे मी ढ नव्हते गं," ती म्हणाली, आणि तिथेच धुळीत बसून रडली. मीही रडले. मग आम्ही उरलेली खोकी खाली नेली.

दुसऱ्या दिवशी मांडणीसाठी पेट्या उघड्या होत्या, तेव्हा तिनं ते रजिस्टर काचेच्या पेटीत, शाळेच्या सनदेशेजारी, तेच पान उघडून ठेवलं. रॅस्ट्रिकसाहेब वाकून वाचत राहिले. त्यांचे कान लाल झाले.

"डोरीन, दुसरं एखादं पान लावू या का? जरा बऱ्या अक्षराचं?"

"अक्षर छान आहे की, सर."

"लोक काय म्हणतील?"

"आधी वाचतील तरी."

पेटीची किल्ली त्यांच्याच खिशात होती. माणूस मुळात वाईट नाही. त्यांनी ती खिशातच राहू दिली.

शनिवारी प्रदर्शन उघडलं. नगराध्यक्षांचं भाषण चालू असतानाच पेटीभोवती बायकांची गर्दी झाली. पोस्टातल्या, गिरणीतल्या, बेकरीतल्या, सगळ्या चाळिशीपुढच्या. "माझं एकोणपन्नास साल. आहे का गं?" सनदेकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी डोरीननं माळ्यावरून उतरवलेली सगळी रजिस्टरं आणून टेबलावर मांडली.

साठीला आलेल्या एका बाईला तिचं नाव लाल रेघेखाली सापडलं. दोनशे नऊ. तिनं पानावर बोट ठेवलं आणि चहाचे दोन कप घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"स्टॅन्ली, अडतीस वर्षं मला बावळट म्हणतोयस. ये इकडे, वाच."

स्टॅन्लीनं कप खाली ठेवले आणि पुटपुटत वाचलं.

"मोठ्यानं," डोरीन म्हणाली.