शनिवारी मऊ होणारं जंगल

ऊर्हो कार्ना या माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरवणं हे फिनलंडच्या विज्ञानापुढचं जुनं, न सुटलेलं कोडं होतं. तुम्ही सांगायचंत, तो ऐकायचा, मान हलवायचा आणि तुमचं म्हणणं त्याच्या कपाळावर आपटून पुन्हा तुमच्याच पायाशी येऊन पडायचं. गंमत म्हणजे जन्मभर त्याने अभ्यास केला तो याच प्रकाराचा.

पाइनच्या जंगलात राळेचा जो वास येतो, त्यातून हवेत बारीक बारीक कण तयार होतात. हवा कोरडी असली की हे कण खडीसाखरेसारखे कडक. ओझोनसारखे वायू येतात, दार वाजवतात आणि बाहेरच्या बाहेर परत जातात. हवा दमट झाली की तेच कण पाकासारखे सैल होतात आणि वायू थेट माजघरापर्यंत. ऊर्होने जंगलातल्या मोजणी केंद्रावर त्यासाठी एक यंत्र बसवलं होतं. ते कण एका पट्टीवर फेकायचं. कडक कण उसळला की 'टक्' वाजायचं. मऊ कण पट्टीला चिकटून गप्प बसायचा. ओझोन किती गिळला गेला, तेही शेजारीच मोजलं जाई.

शरदात निवृत्ती होती आणि नावावर एकही शोध नव्हता. दुसऱ्यांच्या निबंधांतल्या आभाराच्या ओळीत मात्र तो न चुकता हजर असे. आणि अशात, ऐन उन्हाळ्यात त्याला शोध लागला. दर शनिवारी संध्याकाळी जंगलातले कण एकाएकी मऊ पडतात, अधाशासारखा ओझोन गिळतात आणि रात्री पुन्हा कडक होतात!

"जंगलाला शनिवार कळतो?" पेन्तीने विचारलं. पेन्ती हा त्याचा शेजारच्या टेबलावरचा सहकारी.

"शनिवारी कारखाने बंद असतात."

"रविवारीही असतात."

"रविवारचं मी पुढच्या निबंधात बघणार आहे," ऊर्हो म्हणाला. हेलसिंकीच्या परिषदेत त्याचं भाषण ठरलंसुद्धा.

आता केंद्रावर शनिवारी साउना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, तापे, हे निराळं सांगायला नको. शनिवार असतो तोच त्यासाठी. यंत्राची खोली आधी टेकडीवर होती. वसंतात ऊर्होने भांडून ती साउन्याच्या भिंतीला लावून घेतली. वरिष्ठांना कारण दिलं वाऱ्याच्या दिशेचं. खरं कारण असं, की घाम काढता काढता मधेच पंचा गुंडाळून यंत्राकडे नजर टाकता यावी. दमटपणा मोजणारं उपकरण मात्र टेकडीवरच्या मनोऱ्यावरच राहिलं.

एका शनिवारी दोघे साउन्याच्या वरच्या फळीवर उघडेबंब बसले होते. भिंतीपलीकडून टक् टक् चालू होतं. ऊर्होने तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी ओतलं. वाफ उसळली, झरोक्यातून बाहेर गेली. टक् टक् थांबलं.

वाफ विरली. टक्... टक् टक्.

"अजून एक ओत," पेन्ती म्हणाला.

ऊर्होने ओतलं. पलीकडे शुकशुकाट.

"पेन्ती, हे नुसतं योगायोगानंही..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. जन्मात प्रथमच काहीतरी आत शिरलं होतं.

खात्री करायचा मार्ग एकच होता आणि तो अमानुष होता. पुढच्या शनिवारी ऊर्होने साउना बंद ठेवला.

"कोणी मेलंय का?" स्वयंपाकघर सांभाळणारी तेल्लेर्वो कडाडली.

"मोजमाप घ्यायचंय."

"आणि सॉसेज कुठे भाजू? तुझ्या यंत्रावर?"

संध्याकाळभर यंत्र टकटकत राहिलं. एकही कण मऊ पडला नाही. न्हायला न मिळाल्याने केंद्रावरची माणसंही तितकीच कडक झाली होती.

"कोणाला बोलू नकोस," पेन्ती हळूच म्हणाला. "भाषण वाच, टाळ्या घे, शरदात घरी जा. पुढचं कोण विचारतंय?"

"आणि उद्या कोणी खोली परत टेकडीवर नेली तर?"

"तर म्हणतील, जंगल वार विसरलं."

ऊर्होला हसू आलं. मग भाषणाचे कागद त्याने साउन्याच्या चुलीत घातले.

हेलसिंकीत तो मंचावर उभा राहिला. "मी जंगलाबद्दल बोलणार होतो," तो म्हणाला, "पण ते आमच्या साउन्याबद्दल निघालं." आणि सगळं सांगून टाकलं.

सभागृह गप्प. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे कौतुक की निषेध, हे तासाभराने कळतं. शेवटी पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाईंनी हात वर केला.

"लाकडाचा साउना की विजेचा?"

"लाकडाचा. बर्चच्या."

सभागृहाने सुटकेचा निःश्वास टाकला.

"मग एका ओगराळ्यात कण किती वेळ मऊ राहतात?"

इतक्या वर्षांत ऊर्होला प्रथमच कोणी असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर त्याच्या एकट्याकडे होतं. "ओगराळं केवढं, त्यावर आहे," तो म्हणाला, आणि मग त्याला आवरणं अवघड झालं.

प्रयोग स्वतः करून पाहण्याची अशी तळमळ फिनलंडच्या विज्ञानात पूर्वी दिसली नव्हती. प्राध्यापक पंचे घेऊन येऊ लागले आणि शरदातले सगळे शनिवार भरून गेले.

"अरे ऊर्हो, निवृत्त माणसा, ये की आत!" एकदा आतून अध्यक्षबाईंचे यजमान ओरडले.

ऊर्हो कमरेला पंचा लावून बाहेर थंडीत यंत्राशी कान लावून बसला होता.

"ओता अजून एक," तो म्हणाला. "इथे दोन जण अजून उसळतायत."