विरजणातली नाती

दह्यातले दोन जिवाणू आमच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं एकाच नावाखाली नांदत होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसत, दूधही सारखंच आंबवत. आज त्यांची जनुकं ताडून पाहिली, तर ती पुरेशी जुळेनात.

"मॅडम, ही वेगळी प्रजाती निघाली. लेबल बदलू ना?" माझ्या हाताखालच्या शर्वरीनं विचारलं.

"बदल," मी म्हणाले खरं, पण मग दिवसभर कामात लक्ष लागेना.

आईनं मला अनाथाश्रमातून घरी आणलं, तेव्हा मी तान्ही होते. गेल्या वर्षी तिला मूत्रपिंड द्यायला मी पुढे झाले, तर रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "जुळत नाही हो तुमचं." त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. जनुकंच बघायची तर आम्हा दोघींनाही कुणी एका नावाखाली ठेवलं नसतं.

संध्याकाळी दूध तापवलं. निवत आल्यावर त्यात करंगळी बुडवून पाहिली, अगदी आई पाहायची तशी. तिच्याच विरजणातलं चमचाभर दही घातलं आणि झाकण ठेवलं.

"आता हलवू नकोस गं त्याला," माझ्या तोंडून निघालं.

आई रोज हेच म्हणायची. तेव्हा ऐकायला मी तरी असायचे.