बाळाच्या डोळ्यातलं कानालिक

मिशनच्या दवाखान्यातल्या पोलंडच्या नर्सबाई होत्या म्हणून माझ्या लेकीच्या डोळ्यात तार गेली नाही. तेव्हा आधी त्यांचं नाव घ्यायला हवं, पण आम्ही सगळ्या त्यांना नर्सबाईच म्हणायचो.

एकोणीसशे सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी इचलकरंजीची, सातवीतच शाळा सुटलेली, नागपुरात विणकरांच्या घरी दिलेली. लेक पाच महिन्यांची झाली तरी तिचा डावा डोळा सारखा गळायचा, सकाळी पापण्या चिकटलेल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाहू, नाहीतर भूल देऊन बारीक तार घालू. मला घास गोड लागेना.

नर्सबाईंनी मोडक्या हिंदीत समजावलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरणारी बारीक नळी बंद आहे. हिंदी शब्द सापडेना तेव्हा आपल्या भाषेतलाच बोलल्या, "कानालिक." अशी कानालिकं अंगभर असतात म्हणे, दुधाची, पित्ताची, हाडांतलीसुद्धा. बोट धुवून कोपऱ्यावर टेकवायचं, नाकाच्या कडेने हलकं दाबत खाली आणायचं. आणि काजळ बंद.

बोटाचं जमलं. काजळाचं सासूबाईंना सांगणं जमेना. मी पुसायची, त्या पुन्हा घालायच्या. एका दुपारी मागावर त्यांच्या सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या भोकात सुताला लावलेली खळ साचली, सूत अडलं. त्या काडीने भोक साफ करत होत्या. मी धीर केला.

"आई, बाळाच्या डोळ्यातल्या नळीचंही असंच झालंय, नर्सबाई तिला कानालिक म्हणतात. भोक बारीक, आणि वरून आपण काजळ भरतोय."

त्यांनी काडी बाजूला ठेवली. "मंग आधी काहून नाही सांगितलं वं? मले का वाघीण समजून राहिली?"

त्या दिवसापासून काजळाची तीट तळपायाला.

पुढे लस टोचली तेव्हा लेक भोकाड पसरून रडली, आणि डोळ्याबरोबर डावी नाकपुडीही वाहू लागली. सासूबाई पुसूही देईनात. शेजारणींना बोलावून दाखवलं, "पाहा वं, कानालिक उघडलं पोरीचं." शेंबडाचं एवढं कौतुक आमच्या गल्लीने दुसरं पाहिलं नसेल. डॉक्टरांनी डोळा पाहून तारेचं नावच सोडलं.

नर्सबाई नंतर मायदेशी गेल्या. परमुलखात जीव कसा धास्तावतो, हे त्यांना स्वतःवरूनच ठाऊक असणार, म्हणून माझी भीती त्यांना कळली. आता माग मी चालवते. त्यांच्यासाठी करवतकाठी लुगडं विणणार आहे. त्या कुठेही असोत, शोधून काढीन आणि लेकीच्याच हाताने त्यांच्या खांद्यावर घालीन.